ज्याला दाखवलं, त्याला बोलवायचं

मोबाईल वर गेला रे गेला, की तात्यांचा तळहात मध्ये आडवा यायचा. खाली लालभडक निखारे, जाळीवर मसाल्यात मुरलेलं मटण, आणि फोटोत नुसता तात्यांचा हात.

"न्हाई रं. लोकास्नी दावून खायचं न्हाई."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या बार्बेक्यूचं पेज चालवायचं कसं?

ते काम माझ्याकडे होतं. मी सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. आमच्या घरी मांस शिजत नाही. पण गल्लीतले चारपाच जण दर रविवारी मळ्यात भट्टी पेटवायचे, आणि तिथे कोरडी बोटं फक्त माझी असायची. म्हणून मोबाईल माझ्या हाती. माझ्या वाट्याला एक भाजलेलं कणीस.

तात्या माझे शेजारी, वेल्डिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जुना बॅरल उभा चिरून, खाली चाकं लावून भट्टी त्यांनीच केली होती. मित्र बोटं चाटत "झकास!" म्हणायचे, पण तात्यांचा त्यावर विश्वास नव्हता.

"फुकट खाणारा वंगाळ कशाला म्हणंल? एकदा जाणत्या माणसानं खाऊन सांगितलं पायजे."

साताऱ्यात बार्बेक्यूची स्पर्धा आहे आणि परीक्षक म्हणून नावाजलेले आचारी येणार आहेत, हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी भट्टीला नवा रंग दिला. अडचण एकच होती. अर्जात अट होती, की संघाचं पेज हवं आणि त्यावर पदार्थांचे फोटो हवेत. आमच्या पेजवर तोवर निखारे होते, धूर होता आणि चोखून झालेली हाडं होती. फॉलोअर एकोणीस. त्यातले चार आम्हीच, आणि एक कोळसेवाला.

 दोन दिवसांनी तात्या माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"टाक फोटू. पर ज्याला दावलं त्याला बोलवायचं. खाली पत्ता लिव्ह."

"तात्या, लोक नुसते बघतात हो."

"मग त्येंना लिव्ह, नुसतं बघू नगा म्हणून."

लिहिलं. फोटोखाली कुणी "तोंडाला पाणी सुटलं" म्हटलं, की तात्या उत्तर सांगायचे आणि मी टाइप करायचो: "रविवारी या. पोरंबाळं घेऊन या."

कोण येतंय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्याच रविवारी मिरजेचं एक जोडपं लेकराला घेऊन आलं. पुढच्या रविवारी जतहून दोघे मोटरसायकलवर आले. त्यातला एक शाकाहारी निघाला. माझं कणीस गेलं. मी रीतसर तक्ता मांडला. शंभर फॉलोअर वाढले की मटण दीड किलोनं वाढतं.

"तात्या, हजार झाले तर पंधरा किलो जास्त लागेल."

"लागू दे की. तू कणसं वाढीव."

अर्ज मंजूर झाला.

साताऱ्यात नियम कडक होते. पदार्थ फक्त परीक्षकांना द्यायचा. प्रेक्षकांनी दोरीपलीकडे थांबायचं. आणि दोरीपलीकडे आमचेच फॉलोअर दाटीवाटीनं उभे होते. "साताऱ्याला या" असंही तात्यांनीच माझ्याकडून लिहून घेतलं होतं ना! मिरजेचं लेकरू तर सगळ्यांत पुढे.

"तात्या, परीक्षक चौथ्या भट्टीवर आलेत. आपली सातवी. जरा दम धरा."

"लेकरू बगतंय रं."

त्यांनी दोरी उचलली.

परीक्षक आले तेव्हा जाळीवर एकच तुकडा उरला होता. संयोजक ओरडत होते. तात्यांनी शांतपणे सुरीनं त्याचे तीन भाग केले. दोन परीक्षकांनी तोंडात टाकून काहीतरी खरडलं आणि पुढे गेले. तिसऱ्या होत्या एक बाई. त्या डोळे मिटून चावत राहिल्या, मग ताटली पुढे करून म्हणाल्या, "अजून एक मिळेल?"

तात्यांनी रिकाम्या जाळीकडे पाहिलं.

"संपलं हो, बाई."

आमचा नंबर शेवटचा आला. सहभागाचं प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना होतं.

तात्या जाऊन आता वर्ष होत आलं. पेजवरचे फोटो लोक अजून बघतात. मला मात्र त्यांची आठवण आली, की तो परतीचा टेम्पोच डोळ्यांपुढे येतो.  उंब्रजजवळ मी म्हणालो, "तात्या, वाईट कशाला वाटून घेता? जाणत्या बाईंनी दुसरा तुकडा मागितला की!"

"त्येच तर हाय रं. मागितला, आन मी न्हाई म्हणलो. खायला मागणाऱ्याला जल्मात कवा न्हाई म्हणलो नव्हतो."

आणि एका मटणाच्या दुकानासमोर त्यांनी टेम्पो थांबवायला लावला. मी डिझेलचा हिशेब सांगितला. बाई एव्हाना निघाल्या असतील, म्हटलं. मसाला मुरायला तीन तास लागतात, हे त्यांचंच म्हणणं त्यांना ऐकवलं.

"साताऱ्याला जाईस्तवर मुरंल तेवढं मुरंल. तू त्या संयोजकाला फोन लाव. बाईंना बसवून ठेवा म्हणाव."

दुकानदार मटण तोडू लागला. मी फोन लावला. तात्या टेम्पोत मागे चढले, भट्टीतली राख त्यांनी काटकीनं बाजूला सारली. तळाशी दोनचार निखारे अजून लाल होते. त्यांनी इकडेतिकडे काही सापडतंय का पाहिलं, आणि हाताला लागलेल्या प्रमाणपत्रानं वारा घालायला सुरुवात केली.