दिगूने बांधलेला आवाज

दिगू गेल्याला आता दीड महिना होईल. त्या शनिवारी मी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून मुलुंडला उतरलो, तेव्हा स्टेशनबाहेरच्या पानवाल्याने हाक मारून सांगितलं, "तुमच्या मित्राला लॉरीनं उडवलं." आग्रा रोडवर, भरदुपारी, जवळजवळ रिकाम्या रस्त्यावर. चौकीत पोचलो तर लॉरीचा ड्रायव्हर कपाळ धरून बसला होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "हॉर्न पे हॉर्न दे रहा था साहब, वो आदमी पलटा ही नहीं." हवालदाराचा त्याच्यावर विश्वास नव्हता. माझा होता. पण शेजारी दिगूची बायको, आमच्या वहिनी, बसल्या होत्या, त्यांच्यासमोर माझी जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन जबानी दिली की दिगंबरला ऐकू येत नव्हतं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो, तेही एका हवालदारापुढे. ज्याला सांगायला हवं होतं तो तोवर राख झाला होता...

दिगू आणि मी एकाच चाळीत, भिंतीला भिंत लावून राहायचो. तो मूळचा कोकणातला, वडिलांच्या मागोमाग गिरणीत लागलेला. वायरमन म्हणून त्याची बहुतेक पाळी साचेखात्यातच जायची. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, एका वेळी खडखडतात तिथे माणसं ओठांच्या हालचालीवरून एकमेकांशी बोलतात. तिथून घरी आलेल्या या माणसाला वेड होतं ते गाण्याचं, आणि तेसुद्धा साध्या फोनोवर भागणारं नव्हतं. "बाळ्या, गाणं सुरू व्हायच्या आधी बाई श्वास घेते ना, तो मला ऐकायचाय," असं तो म्हणायचा. "दुकानातल्या सेटावर नुसता धबधबा. लोकांना आवडतो तो. मला नको. मला बाई या खोलीत बसलेली पाहिजे."

म्हणून त्याने स्वतःच सेट बांधायला घेतला. लढाईनंतर भंगारात निघालेले रेडिओचे व्हॉल्व्ह, बोटीवरच्या एका वायरलेसवाल्याकडून मिळवलेला विलायती स्पीकर, आणि स्वतःच्या हाताने तार गुंडाळून केलेला ट्रान्सफॉर्मर. तार गुंडाळताना कोणी बोललं तर वेढ्यांचा आकडा चुकायचा, म्हणून वहिनी मुलीला घेऊन आमच्याकडे येऊन बसायच्या. स्पीकरला पेटी म्हणून त्याने खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटा रचल्या. पुढची फळी सागवानी, दुहेरी, आणि दोन फळ्यांच्या मध्ये वाळू. "पेटीने गायचं नाही, गाणाऱ्याने गायचं," हे त्याचं त्यामागचं शास्त्र. ती वाळू ओली राहता कामा नये, म्हणून वहिनींनी ती शेगडीवर लोखंडी कढईत घालून भाजली, चार दिवस. मी विचारलं, "काय वहिनी, वाळूचा चिवडा?" तर म्हणाल्या, "भाऊजी, हे इतके खुशीत मी लग्नातसुद्धा पाहिले नव्हते."

पहिल्या रविवारी सकाळी त्याने रेकॉर्ड लावली तेव्हा मी, वहिनी आणि पाच वर्षांची कुंदा चटईवर बसलो होतो. बाईने श्वास घेतला. आम्ही तिघांनीही दाराकडे पाहिलं, कोणी आत आलं की काय म्हणून. दिगूने पाहिलं नाही. तो डोळे मिटून हसत होता.

तेव्हापासून रविवारची सकाळ माझी तिथेच जायची. वर्षभर सगळं झकास चाललं. मग एकदा त्याने मध्येच सुई उचलली आणि विचारलं, "तंबोऱ्याची जवारी, तारांची ती बारीक झणझण, ऐकू येते तुला?" मी म्हटलं, "येते की." तो म्हणाला, "मला नाही येत. ट्रान्सफॉर्मरमध्येच खोट असणार." त्याच आठवड्यात जिन्यात मी त्याला मागून तीन हाका मारल्या होत्या आणि तो सरळ वर निघून गेला होता. माझ्या मनात दोन्ही गोष्टी एका क्षणात जुळल्या. सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "बदलून बघ." ... त्याने बदलून बघितला. मग व्हॉल्व्ह बदलले, मग सुया. दर महिन्याला तो वरचे स्वर आणखी थोडे वाढवायचा आणि माझ्याकडे वळून विचारायचा, "आता?" आणि मी म्हणायचो, "झकास." बाईचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा झाला होता. त्याला मात्र श्वास ऐकू येत नव्हता. वहिनी त्या वेळी नेमक्या नळावर जायच्या. मला वाटायचं त्यांना कामं असतात.

एका रविवारी कुंदाने दोन्ही कानांवर हात ठेवले. आठ वर्षांची पोर, तिला काय कळणार लपवायचं. दिगूने सुई उचलली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "दुखतं का गं?" तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दिगू आमची तोंडं वाचत होता. साचेखात्यातली सवय. मग उठून माझ्यासमोर आला आणि एरवी माझ्याशी कधी बोलायचा नाही त्या मालवणीत म्हणाला, "मेल्या, माका एकदा सांगाक काय झाला तुका?" मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही मला." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो माफी मागितल्यासारखा कुंदाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर दारातच म्हणाला, "सेट बंद ठेवलाय." त्यापुढचेही सगळे रविवार तेच. डॉक्टरकडे मी नेलं त्याला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की गेलेलं परत येणार नाही आणि गिरणी सोडली नाही तर उरलेलंही जाईल. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि सोमवारी पाळीवर गेला. काय करणार होता? पाच महिन्यांनी ती लॉरी आली.

गेल्या आठवड्यात वहिनींनी सेट देऊन टाकला. घाटकोपरहून एक गृहस्थ आले, त्यांनी ऐकला, भुवया आक्रसल्या आणि म्हणाले, "माल उत्तम आहे, पण लावलाय कोणी असा? सगळं बदलावं लागेल." वहिनी म्हणाल्या, "बदला." ते गेल्यावर मी कसाबसा विषय काढला, की मी तेव्हाच बोललो असतो तर... वहिनींनी मला पुढे बोलू दिलं नाही. "मला तुमच्या आधीपासून ठाऊक होतं, भाऊजी. मला वाटायचं, तुम्ही मित्र, तुम्ही सांगाल."

विटांची पेटी नेता येण्यासारखी नव्हती, ती तशीच आहे. फळीला स्पीकरचं भोक आहे. कुंदा आता त्यात आपलं दप्तर ठेवते. मी अजून रविवारी सकाळी जातो. वहिनी चहा करतात आणि आम्ही दोघं त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसतो.