केबल काढल्यानंतर आलेला मेल

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसले आहे. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. मशिनमध्ये काहीही घडलं की त्याची ओळ मशिनच्या नोंदींमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, कुठेतरी असतेच. सापडली नाही तर आपण नीट शोधलेलं नाही, असं मी ज्युनियर मुलांना सांगत आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय. पण त्या दिवशी माझ्याबरोबर आणखी एक माणूस होता, त्यानेही तेच पाहिलं, म्हणून धीर करतेय.

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक ग्रुप होता. फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारे वीस-पंचवीस जण, सगळे हौशी. मेनू, बटणं, सूचना, सगळं मराठीत आणायचं. कुणी आयटीत, कुणी मास्तर, कुणी रिटायर्ड. आमची वेबसाइट आणि चर्चेची मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जातो, ती) एकाच जुन्या मशिनवर चालायची. हे मशिन नारायण पेठेत बापटकाकांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत, स्टुलावर ठेवलेलं. जागा त्यांची, वीज त्यांची, इंटरनेटही त्यांचंच. आम्ही त्या मशिनचं नाव ठेवलं होतं ‘करंजी’.

करंजी म्हातारी झाली होती. तिच्यावरच्या सॉफ्टवेअरला अपडेट येणं कधीच बंद झालेलं. एकदा कुणीतरी घुसून आमच्या साइटवर कसल्याशा गोळ्यांच्या जाहिराती लावल्या, तेव्हा मी ठरवलं की बास. सगळं नवीन ठिकाणी हलवायचं आणि करंजी कायमची बंद. सगळे हो म्हणाले.

एक जण सोडून. मेश्राम सर.

सर मूळचे भंडाऱ्याकडचे. सरकारी नोकरीत पुण्यात आले, इथेच रिटायर झाले. बायको गेल्यावर धायरीत एकटे राहायचे, मुलगा अमेरिकेत. प्रोग्रॅमिंग त्यांना येत नव्हतं, पण आमच्या भाषांतरातल्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक चुकीचा वेगळा मेल, प्रत्येक मेलला नंबर. ‘दुरुस्ती क्रमांक अमुक. मूळ: … पाहिजे: …’ बस, एवढंच. ना नमस्कार, ना सही. वर्षानुवर्षं.

त्यांनी लिस्टवर लिहिलं की नव्या ठिकाणी लॉगिन करायलाच आठ पायऱ्या आहेत, मोबाइलवर कोड येतो तो टाकेपर्यंत संपतो, माझ्यासारख्याने काय करायचं? एकदा लिहिलं, दोनदा लिहिलं, पाचव्यांदा लिहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर उत्तर टाकलं — “सर, एका माणसासाठी अख्खा सर्व्हर चालू ठेवता येत नाही. नवीन शिका, नाहीतर आता विश्रांती घ्या.”

त्यावर दोघा-तिघांनी हसरे चेहरे पाठवले. मी तेवढ्यावर थांबले नाही. सरांचे मेल आधी माझ्याकडे येतील आणि मी सोडले तरच बाकीच्यांना जातील, अशी सेटिंगही केली. पण त्यांचा मेल परत आलाच नाही. तीन आठवडे… एकही नाही. सगळे म्हणाले, रुसले. मीही तेच म्हटलं. फोन मात्र केला नाही.

शेवटी तो रविवार उजाडला. दुकान बंद होतं, बापटकाकांनी माझ्यासाठी उघडलं. मी सकाळी दहाला पोचले. नवीन साइट आदल्या रात्रीच चालू झाली होती. आता फक्त करंजीला जगापासून तोडायचं, तिच्या डिस्कची एक शेवटची कॉपी काढायची आणि बंद करायचं.

साडेअकराच्या सुमाराला मी तिची नेटवर्क केबल काढली. ती केबल स्वतःच्या हाताने गुंडाळून टेबलावर ठेवली. हे नीट लक्षात ठेवा. त्या मशिनला वायरलेस नव्हतं, मोडेम नव्हता, बाहेरून काही आत यायचा रस्ता म्हणजे ती एक केबल. मग मी कॉपी सुरू केली आणि काकांनी आणलेला चहा घेतला.

“झालं का गं विसर्जन?” काका म्हणाले.

“दोन तास लागतील.”

“म्हणजे माझा रविवार गेला. छान.”

तेवढ्यात काळ्या स्क्रीनवर कॉपीच्या आकड्यांखाली एक ओळ आली. जुन्या मशिनवर काम केलेल्यांना ती माहीत असेल. ‘यू हॅव न्यू मेल.’

मला आधी काहीच वाटलं नाही. मशिन स्वतःच स्वतःला मेल पाठवतं कधीकधी, डिस्क भरली वगैरे. मी उघडून पाहिला. पाठवणारे — मेश्राम सर. माझ्या परवानगीसाठी अडकलेला मेल. नंबर त्यांच्या शेवटच्या दुरुस्तीच्या पुढचा. आत दोनच ओळी.

मूळ: दार उघडा.

पाहिजे: दार फोडा.

काका खांद्यावरून वाचत होते. हसले. “दार? कुठल्या सॉफ्टवेअरचं दार उघडतोय हा गृहस्थ?”

मीही हसले असते. पण माझी नजर वेळेवर गेली. अकरा बावन्न. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चौपन्न. मग टेबलाकडे. केबल तिथेच होती, गुंडाळलेली.

“काका… हा मेल आला कुठून?”

“आधीचा अडकला असेल.”

“सकाळी मी सगळे अडकलेले मेल तपासले. एकही नव्हता. आणि वेळ बघा ना, आत्ताची आहे.”

काकांनी चष्मा वर केला, मशिनच्या मागे वाकून केबलची रिकामी खाच पाहिली, बोट लावून पाहिलं. पुन्हा उभे राहिले तेव्हा हसत नव्हते. “फोन लाव त्याला,” एवढंच म्हणाले.

मोबाइल — स्विच्ड ऑफ. घरचा फोन वाजत राहिला. तीनदा लावला. मला स्वतःचाच राग येत होता की मी एका मेलवरून घाबरतेय. “दार फोडा”… आमच्या कुठल्याही भाषांतरात ‘दार उघडा’ असं वाक्य नाही हो! तीन-चार हजार ओळी मी स्वतः तपासल्यात.

“पत्ता आहे?” काकांनी विचारलं आणि शटर ओढायला लागले.

काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. दांडेकर पूल, मग सिंहगड रोड. रविवारची दुपार, गडावरून परतणारी सगळी गर्दी समोरून अंगावर येत होती, आमच्या बाजूला एका टेम्पोने अर्धा रस्ता अडवलेला. एरवी प्रत्येक सिग्नलला कुणाला ना कुणाला शालजोडीतले देणारे काका त्या दिवशी नुसते ‘चल, पुढे घे’ एवढंच म्हणत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता, तिथलाच जुना माणूस. मी सरांचं नाव घेतलं.

“सर गावाला गेल्यात. परवाच सांगितलं व्हतं मला, भाच्याचं लगीन हाय म्हनून. पेपर बी बंद केलाय त्यांनी.”

“जाताना पाहिलंत तुम्ही?”

“आता समदे काय मला दावून जात्यात व्हय?”

आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. बेल दाबली. आवाजच नाही. दार वाजवलं, हाका मारल्या. शेजारच्या फ्लॅटला कुलूप. वॉचमन मागून वर आला. म्हणाला, “सांगितलं की तुमास्नी, न्हाईत म्हनून.”

मला एकदम खूप ओशाळल्यासारखं झालं. माणूस लग्नाला गेलाय, आणि मी नारायण पेठेतून एका म्हाताऱ्याला घेऊन त्याचं दार बडवायला आलेय. मी मागे वळले सुद्धा. पण बापटकाका दारापाशीच होते. त्यांनी दाराला वरच्या कोपऱ्यात तळवा लावून ढकललं, मग खाली ढकललं, मग पुन्हा वर.

“मंजिरी, इकडे ये. नुसतं लॅच असतं तर वरचा कोपरा थोडा तरी हलला असता. हा जराही हलत नाही. वरची कडी लावलेली आहे.” मग वॉचमनकडे वळून म्हणाले, “काय हो, बाहेर गेलेला माणूस आतून कडी कशी लावतो, सांगता का मला?”

वॉचमनचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, “किल्लीवाला बोलवू या. न्हाईतर पोलिसास्नी… मागनं माझ्यावर यील, साहेब.”

“कडीला किल्ली नसते,” काका म्हणाले.

आणि मी जे बोलले ते मी ठरवून बोलले नाही. “फोडा,” म्हटलं. “दार फोडा.”

शेजारी बांधकाम चालू होतं, वॉचमनने तिथून पहार आणली. चौथ्या दणक्याला वरचं बिजागर सुटलं. आत अंधार, पडदे ओढलेले. दारातच प्रवासाची बॅग, वर पाण्याची बाटली आणि लग्नाची पत्रिका. मी दिव्याचं बटण दाबलं, लागला नाही. “सर?” मी हाक मारली. मग बाथरूमकडून आवाज आला. आवाज कसला, जमिनीवर प्लॅस्टिकचा मग घासल्यासारखं काहीतरी.

सर तिथे पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ फुटलेले, डोळे उघडे. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या तयारीत त्यांनी मेन स्विच बंद केला आणि शेवटचं म्हणून हातपाय धुवायला अंधारात गेले… तेव्हापासून तिथेच. जवळजवळ दोन दिवस. हाताशी गळका नळ होता म्हणून घसा ओला राहिला. मोबाइल बाहेर बॅगेत. घरच्या फोनची रिंग ऐकू आली, पण सरकता येत नव्हतं. भंडाऱ्याच्या नातेवाइकांना ते ‘बरं वाटलं तर येतो’ म्हणाले होते, त्यामुळे कुणी शोधलं नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र निघाली नसती.

त्यांना स्ट्रेचरवर घेतल्यावर मी बाहेरच्या खोलीत काकांसाठी थांबले. कोपऱ्यात सरांचा कॉम्प्युटर होता. त्यावर चादर टाकलेली, त्याला जोडायची टेलिफोनची तार काढून दोऱ्याने बांधलेली, चादरीवर धूळ. अख्ख्या घरात वीज नव्हती. मी चादर उचलून पाहिलीही नाही. पाहवेनाच.

चार दिवसांनी, ऑपरेशन झाल्यावर, सर जरा बोलायला लागले. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, “असू द्या हो. मीही लय चिवट माणूस आहे.” मग विचारलं, “पण तुम्हाला समजलं कसं?”

“तुमचा मेल आला, सर.”

“माझा? मी तर तुमच्याशी बोलणंच सोडून दिलं होतं,” ते म्हणाले. “कॉम्प्युटर बांधून ठेवला होता मी.”

मी मेलमधलं काहीही सांगितलं नाही. मुद्दामच. फक्त विचारलं, “तुम्ही तिथे पडल्या पडल्या काय करत होता?”

“ओरडत होतो. दार उघडा, दार उघडा म्हणून. रविवारी सकाळपर्यंत आवाज गेला. मग मनातच म्हणून राहिलो. आणि मग वाटलं, काय बावळट शब्द वापरून राहिलो मी… कडी आतून आहे, उघडतील कसं? फोडा म्हणायला पाहिजे.” जरासे हसले. “सवय हो, बाई. जात नाही.”

त्यांच्यासाठी सोललेलं संत्रं मी बशीत ठेवून दिलं. बापटकाका खिडकीशी उभे होते, ते खोलीतून बाहेर निघून गेले.

पुढे मी करंजीचा कण न् कण तपासला. मेलची फाइल होती. त्या दिवशी काढलेल्या कॉपीतही होती, म्हणजे आम्हाला भास झाला म्हणावं तर तेही नाही. पण तो मेल मशिनमध्ये आल्याची ओळ लॉगमध्ये कुठेच नाही. आधीच्या प्रत्येक मेलची आहे, फक्त याची नाही. ग्रुपमधल्या जाणत्या लोकांना दाखवलं. एक म्हणाला घड्याळ चुकलं असेल. मशिनचं घड्याळ बरोबर होतं, मी ताडून पाहिलं. दुसरा म्हणाला कुणीतरी मस्करी केली. कुणी? त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि सर पडलेत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्याने फक्त सरांची तब्येत विचारली, त्याचं मला बरं वाटलं.

मशिन मात्र बंद करायचंच होतं. मी महिनाभर टाळलं. का टाळलं ते मला विचारू नका… हात होत नव्हता. अखेर सरांनीच घरून निरोप पाठवला की माझ्यासाठी ठेवू नका, करून टाका. मुलगा येऊन राहिला होता, त्याने त्यांना नवीन साइटचं लॉगिन लावून दिलं होतं.

एका शनिवारी दुपारी मी पुन्हा नारायण पेठेत गेले. कुणालाही वेळ सांगितली नव्हती, बापटकाकांनाही दुकानात पोचल्यावरच कळलं. कमांड दिली. दिवे एकेक करून विझले, पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. खोली इतकी शांत झाली की बाहेर पेठेतली सायकलची घंटा ऐकू आली.

“आता त्याला कळव,” काका म्हणाले.

मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत सरांनी उचलला.

“हॅलो, मंजिरीताई? झालं ना आत्ता?”

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. “तुम्हाला कुणी सांगितलं, सर?”

“कुणी नाही,” ते म्हणाले. “त्या दिवसापासून कानाशी काहीतरी घरघरत होतं, ते आत्ता थांबलं.”