क्रमाने घेऊ या

लग्नाआधी तीन वर्षं मी जिल्हा परिषदेत कारकून होते. ही गोष्ट बहारीनमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होती, कारण ती सांगितल्याशिवाय मी कुणाकडचा चहा संपवत नसे. नातवंडं आता विचारतात, "आजी, वॉज इट अ बिग पोस्ट?" मी म्हणते, फार मोठी. आवक-जावकचं टेबल. माझ्यावाचून जिल्ह्यातलं पत्र हलत नसे. माझ्यामुळेही हलत नसे, पण ते नातवंडांना कशाला सांगा.

त्या टेबलावर मी एकच विद्या शिकले. सर्वसाधारण सभेत सभासद पन्नास-पन्नास ठराव करायचे: शासनाने हा कायदा करावा, तो नियम बदलावा. मुंबईला सगळे एकदम पाठवून उपयोग नसे. आमचे साहेब ते पुढे ओढत आणि क्रमांक घालत. "वरचे तीन वाचतात," ते म्हणायचे, "चौथ्यापासून पुढे फक्त फाईल जाड होते." एखाद्या सभासदाला नाराजही करायचं नाही आणि त्याचं कामही पुढे न्यायचं नाही, असं असलं की साहेब त्याचा ठराव दुसऱ्या एखाद्या ठरावाच्या शेपटीला बांधत. 'व तत्सम बाबी.' सभासद खूश, शासनही खूश. मला ही किमया वाटायची.

नव्वदच्या दशकात, बहारीनमध्ये, उम्म अल हस्सम भागातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, चाळिशीतली मी ही किमया घेऊन बसले होते आणि ती वापरायला कुणी संधी देत नव्हतं. नवरा बँकेत, मुलगा बारावीत, आणि मी इथल्या मराठी मंडळाची सचिव. नईममधल्या एका दुकानातून मी स्वखुशीने 'सचिव' असा रबरी शिक्का करून आणला होता. हळदीकुंकवाच्या आमंत्रणावरही तो मारायचे. नवरा म्हणायचा, "माझ्या डब्यावर मारलास तरी चालेल." मी त्यावर रुसले होते. रुसण्यासारखं त्यात काय होतं?

आणि मग ती संधी आली. महाराष्ट्रातले एक आमदार कुणा नातेवाइकाकडे येणार होते. एका शुक्रवारी तासभर मंडळाला भेटतो म्हणाले. तुमच्या मागण्या लिहून द्या, अधिवेशनात मांडतो.

मी पदर खोचला. प्रत्येक घराकडून तीन चिठ्ठ्या मागवल्या, एका चिठ्ठीवर एक मागणी. आमच्या हॉलमध्ये एसी लावून, साबुदाणावडे तळून, मी आणि अध्यक्षांनी त्या मोजल्या. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या अधिवासाच्या निघाल्या: बाहेर शिकलेल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या कॉलेजांत राज्यातलंच धरावं. ही मागणी पहिली. माझा मुलगा बारावीत होता हे मी वर सांगितलंच आहे. दुसरी, इथे माणूस गेला तर मुंबई विमानतळापासून गावापर्यंत शासनाने गाडी द्यावी. तिसरी, मराठीच्या पुस्तकांची.

चार चिठ्ठ्या एकाच मजकुराच्या होत्या. आमच्यातल्या चार बौद्ध घरांच्या. वडिलांचा जातीचा दाखला असेल, तर परदेशात जन्मलेल्या मुलांना त्यावरूनच दाखला मिळावा.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "हा विषय इथे कशाला? इथे आपण सगळे मराठी." मला हे वाक्य फारच उदार वाटलं. किती मोठ्या मनाची माणसं आपण, असं वाटून मी आणखी एक वडा घेतला. आणि साहेबांची विद्या वापरली. सातव्या मागणीत लिहिलं, 'विद्यार्थ्यांना लागणारे इतर दाखले वेळेत मिळावेत.' चौथा क्रमांक गेला शाडूच्या गणपतीमूर्ती गल्फमध्ये पाठवणाऱ्यांना सवलत मिळावी, याला. त्याच्या तीनच चिठ्ठ्या होत्या. त्यातली एक अध्यक्षांच्या बायकोची.

यादी स्वच्छ अक्षरात लिहायला माणूस हवं होतं. आमच्या मुलांना मराठी कळायचं, पण लिहायला सांगितलं की ती असं बघत, जणू मी त्यांना कणीक मळायला बसवलंय. एकाच मुलीचं अक्षर सुंदर होतं. तिचे वडील सित्र्याच्या कारखान्यात टेक्निशियन, बिऱ्हाड तिथेच जवळ, मआमीरला. मुलीचा जन्म इथला, दहावी इथली. अकरावी-बारावी तिने विदर्भात काकांकडे राहून केली होती, आणि परीक्षा देऊन सुट्टीला आई-वडिलांकडे आली होती. डॉक्टर व्हायचं होतं तिला. मी बोलावलं तशी तिघंही आली, आणि त्या चार चिठ्ठ्यांतली एक यांची होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"ताई," तिची आई म्हणाली, "चार घरांचं आहे म्हणून खाली टाकू नका जी. बाकीच्यांचं पुढच्या साली झालं तरी चालते. आमचं याच जूनचं आहे."

काकांकडच्या तालुक्याच्या ऑफिसने दाखल्याचा अर्ज दोनदा परत पाठवला होता. त्यांचं म्हणणं, मुलगी जन्मली तिकडे, दहावीपर्यंत शिकली तिकडे, आम्ही कसं मानायचं? दाखला नाही तर मेडिकलच्या राखीव जागेचा अर्ज नाही.

"अहो वहिनी, मी काही मनाने ठरवलं नाही. चिठ्ठ्या मोजल्यात. लोकशाही आहे."

"चिठ्ठ्या बरोबर आहेत मॅडम," तिचे वडील म्हणाले. "आमची घरंच कमी."

मी हसले. मला वाटलं, त्यांना पटलं.

मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होती. सातव्याशी तिचं पेन थांबलं.

"काकू, यात आमचं कुठे आहे?"

"हे काय, इथेच. इतर दाखले."

"पण कुठला दाखला ते नाही लिहिलं."

"अगं, मोघम लिहिलं की सगळंच त्यात मावतं. शासनाची भाषा असते ती. तुला नाही कळायची."

तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि लिहिलं. वरच्या सहा ओळींसारखंच, रेघेवर, गोल. मी त्यावर शिक्का मारला.

शुक्रवारी हॉल भरला. आमदार वेळेवर आले, हेच मोठं आश्चर्य. मी पहिल्या रांगेत काठाला, हातात यादीची प्रत, नाकावर चष्मा. त्यांनी पहिली मागणी वाचली. "यात नियमच बदलावे लागतील ताई. प्रश्न टाकतो, पण वर्षं जातील." दुसरीला मान हलवली, तिसरीला हसले. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"हे सगळे मोठे विषय झाले. एखादं लहान काम सांगा ना. तालुक्यात अडलंय, कलेक्टरकडे अडलंय, एका पत्राने सुटेल असं. आजच इथून फॅक्स करतो."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. मुलीचे वडील उभे राहिले होते, हातात खाकी पाकीट. बाजूला ती, आणि तिने वडिलांच्या शर्टाची बाही धरलेली. "साहेब, एक आहे…"

मी उभी राहिले. तेव्हा मी फार चटकन उभी राहत असे.

"क्रमाने घेऊ या," मी म्हटलं. "जो तो उठला तर सभेला शिस्त राहणार नाही. तुमचा विषय सातवा आहे."

"सचिवबाई कडक आहेत तुमच्या," आमदार म्हणाले. हॉल हसला. माझे कान गरम झाले, अभिमानाने. "सॉरी मॅडम," म्हणून मुलीचे वडील खाली बसले.

मग चौथा विषय आला आणि मूर्तींवर प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं. शाडू की प्लास्टर, सोंड डावी की उजवी, कंटेनर की विमान. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. पाचव्याला कुणीतरी घड्याळ दाखवलं. दाराशी ड्रायव्हर येऊन घाई करू लागला, "यल्ला, यल्ला." हार, फोटो, टाळ्या. मुलीचे वडील गर्दीतून गाडीपर्यंत पोचले, तेव्हा काच वर झाली होती. परत येऊन त्यांनी मला विचारलं, "मॅडम, साहेबांचा फॅक्स नंबर भेटेल का?" मी मुंबईच्या ऑफिसचा नंबर दिला, आणि म्हणाले, इंशाल्ला होऊन जाईल. त्या नंबरवर त्यांनी आठवडाभर फॅक्स लावला. लागला नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. जूनमध्ये मुलगी परत गेली. तालुक्याच्या ऑफिसने सांगितलं, वडिलांना समक्ष हजर करा. कारखान्याचं शटडाऊन, म्हणजे वर्षाची मोठी दुरुस्ती चालू, लीव्ह मिळेना. मिळाली तोवर प्रवेशाची यादी लागून गेली होती. खुल्या जागेला तिचे मार्क थोडेसे कमी पडले.

माझ्या मुलाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. परदेशातल्या मुलांसाठी असलेल्या जागांमधून. अशा जागा असतात हे नवऱ्याला आधीपासून ठाऊक होतं, मला सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे पहिल्या क्रमांकाची मला गरजच नव्हती.

आणि मी काय केलं असेन? पेढे घेऊन मआमीरला गेले. खरंच गेले. सगळ्यांना वाटले तर यांना कसे वगळायचे, असा माझा विचार. जिना चढताना कारखान्यांचा वास येत होता, आणि मला वाटत होतं मी फार चांगली बाई आहे.

"बसा जी," तिची आई म्हणाली. पंखा लावला, पाणी दिलं, पेढा तोंडात टाकला. "गोड आहे."

"आणि मुलीचं?"

"नाही झालं. बीएस्सीला टाकलं तिच्या काकांनी." मग म्हणाली, "परवा फोन आला होता. फोनचा मीटर चालू, आणि ही रडून राहिली. मी म्हटलं रड. मग तिच्या बाबांनी फोन घेतला, अन् जेवली का, तेवढं विचारलं."

मी बोलायला लागले. आमदारांना वेळ कसा नव्हता, मूर्तींवर लोक किती बोलले, सभेचे नियम कसे असतात. बोलतच राहिले. तिचे वडील शिफ्टवरून आले होते, पायातले बूट सोडत ऐकत होते.

"तुमची चूक नाही मॅडम," ते म्हणाले. "क्रम होता."

मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. त्यावर रुसता आलं असतं, भांडता आलं असतं, आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगता आलं असतं की बघ, माणसाचं चांगलं करायला जावं तर असं. पण ते खरंच तसं मानत होते. मला मॅडम म्हणत होते आणि माझ्यासाठी चहा टाका म्हणत होते. चहा पिऊन मी निघाले, आणि जिन्यात पहिल्यांदा मला साहेबांच्या ऑफिसातले ते सभासद आठवले, शेपटीला बांधलेले. ते किती लांबून एसटीने यायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी ते कुटुंब कायमचं परत गेलं. मंडळाने निरोपसमारंभ केला. डोकं दुखतंय असं मी नवऱ्याकरवी कळवलं. डोकं दुखत नव्हतं. मी गॅलरीत उभी राहून शेजारणीचे वाळत घातलेले कपडे बघत होते.

ती मुलगी आता पन्नाशीकडे झुकली असेल. काय करते, कुठे असते, मला माहीत नाही. विचारायची सोय होती. त्यांच्याकडची दोन माणसं अजून माझ्या फोनमध्ये आहेत, दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. मी उलट शुभेच्छा पाठवते. तिच्याबद्दल विचारायला बोट पुढे जातं, आणि मग मी सगळ्यांची तब्येत विचारते.

त्या शुक्रवारी तिच्या वडिलांना पाकीट पुढे द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बसून राहायला हवं होतं, एवढंच.