पुढचा शाफ्ट

जीपचा पुढचा शाफ्ट तुटला, असं मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं. तो तुटला नव्हता. मी तो मेकॅनिकला सांगून काढून घेतला होता आणि माझ्या नरपडच्या घरामागे, माडाच्या झापांच्या ढिगाखाली ठेवून दिला होता. तिथं त्यानं चार पावसाळे काढले. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याचं खोटं लवकर उघडं पडत नाही, कारण त्याला कोणी फारसं विचारतच नाही.

बहीण माझ्याहून बरीच मोठी. आम्ही तिला बाय म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हापासून माझं न्हाणंमाखणं, शाळेचा डबा, तापात उशाशी बसणं, सगळं तिच्याकडे. तिचं सासर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. भात आणि नाचणी करणारं घर. डांबरी रस्ता खालीच संपतो, पुढे एक ओहोळ, आणि ओहोळ ओलांडला की घरापर्यंत सुट्ट्या दगडांचा उभा चढ. त्या चढासाठी भावोजींनी, म्हणजे बायच्या नवऱ्यानं, जुनी फोर व्हील जीप घेतली होती. एरवी तिची मागची दोन चाकं ओढायची. ओहोळाशी आलं की भावोजी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचे, मग पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टलाही जोर मिळायचा आणि चारही चाकं दगड धरून वर यायची. गाडीचा आवाज नेमका तिथं बदलायचा. इंजिनाचा सूर खाली उतरायचा आणि त्याच्यावर एक बारीक घूं चढायचं. बाय तो आवाज घरात ऐकायची आणि चुलीवर भाताचं आदण ठेवायची. भावोजी हातपाय धुऊन येईपर्यंत पाण्याला उकळी आलेली असे.

मला गाडी त्यांनीच शिकवली, चिखल्याच्या किनाऱ्यावर, ओहोटी बघून. सुट्टीच्या दिवशी दोघं आमच्याकडे खाली यायची. बाय मागे बसून चिकू सोलायची, आणि मी गाडी वाळूत रुतवली की साली माझ्या मानेवर टाकायची. भावोजी खाली उतरून, कमरेवर हात ठेवून चाकं बघत उभे राहायचे. "काय मेव्हणे, झाली का लागवड?" एवढंच म्हणायचे. कधी ओरडले नाहीत. त्यांना मूल नव्हतं, आणि मला वाटतं ती दोघं माझ्यावरच ती हौस भागवत होती. अजूनही मी कधीमधी एकटाच चिखल्याला जातो. ओल्या वाळूवर दुसऱ्या कुणाच्या टायरचे ठसे दिसतात, ते बघत थोडा वेळ थांबतो आणि परत येतो. कुठे गेला होतात असं घरी विचारलं तर बाजारात म्हणून सांगतो.

भावोजी एका दुपारी शेतावरून आले, पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधीच गेले. दिवसकार्य झाल्यावर बायनं जीपची चावी माझ्या हातात दिली. म्हणाली, तू घेऊन जा, इथं उभी राहून सडेल. फक्त महिन्यातून एकदा वर आणत जा. आवाज कानावर पडू दे.

मी आणू लागलो. नोकरी रेल्वेत, सुट्टी आठवड्याच्या मधेच कधीतरी पडायची, त्यामुळे मी कुठल्या दिवशी येईन ते तिला माहीत नसायचं. ओहोळाशी दांडा ओढायचो, चढ चढायचो, अंगणात गाडी थांबवायचो. बाय पदराला हात पुसत दारात आलेली असायची. आणि मी गाडीतून उतरलो की तिचा चेहरा पडायचा. क्षणभरच. लगेच ती हसायची, ये म्हणायची, पाणी द्यायची. पण तो एक क्षण मला दिसायचा. आवाज ऐकून तिच्या मनात काय उठत असेल आणि गाडीतून मी उतरताना बघून काय बसत असेल, ते मला कळत होतं. दर महिन्याला मी तिला एकच गोष्ट जाऊन सांगत होतो, की ते आलेले नाहीत, मी आलोय.

हे मी कुणाशी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याच सुमारास डहाणूतल्या एका मेकॅनिकनं सहज सांगितलं की गाडी गावातच फिरवता तर पुढचा शाफ्ट काढून ठेवा, नुसता फिरतो, डिझेल खातो आणि आवाज करतो. आमच्याकडे पुष्कळ जण तसा काढून ठेवतात. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, काढ म्हटलं. मग बायला फोन करून सांगितलं की शाफ्ट तुटलाय, वर चढ चढणार नाही, सामान जुनं आहे, मिळायला वेळ लागेल.

तिनं विश्वास ठेवला. दर फोनला शेवटी विचारायची, "गाडी झाली का रे?" आजारी माणसाची विचारपूस करावी तसं. मी म्हणायचो, नाही अजून.

एसटीनं जाता आलं असतं, पुढे चालत चढता आलं असतं. तेही केलं नाही. मग तीच खाली तलासरीला बाजाराच्या दिवशी यायची, तिथं आम्ही भेटायचो. एका वर्षीची भाऊबीज एसटी स्टँडच्या बाकावर झाली. तिनं पिशवीतून ताम्हण काढलं, सुपारी काढली, निरांजन आणि कागदात गुंडाळलेली वात काढली. वारा होता, निरांजन तीनदा विझलं. माणसं बघत होती, एक कंडक्टर तिच्यासाठी वाऱ्याकडे पाठ करून आडवा उभा राहिला. बायला कसलाच संकोच नव्हता. मला मात्र वर बघवत नव्हतं, कारण जीप मी पेट्रोल पंपाच्या मागे लावून आलो होतो. सपाट रस्त्यावर ती व्यवस्थित चालत होती. ती दिसू नये म्हणून मी बायला तिच्या एसटीत बसवलं, एसटी वळेपर्यंत हात हलवला, आणि मग पंपामागे गेलो.

गेल्या हिवाळ्यात एका फोनवर तिनं गाडीचं विचारलं नाही. मी जे म्हणेन त्याला हो हो, बरं बरं म्हणत राहिली. दोन दिवसांनी तिच्या शेजारच्या घरातल्या सुनेचा फोन आला. "मामा, बायला ऐकू येईनासं झालंय. एका कानाचं तर गेलंच. दुसऱ्यानं जवळ जाऊन बोललं तर कळतं. फोनवर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो हो करते." डॉक्टरांनी वयाचं आहे म्हटलं होतं, यंत्र लावून बघू म्हटलं होतं. यंत्र तिनं डब्यात ठेवून दिलं होतं.

मी फोन ठेवला आणि मागे जाऊन झापं उचलली. तिनं एवढंच मागितलं होतं, आवाज कानावर पडू दे. तो कान आता चालला होता आणि शाफ्ट माझ्या पायाशी पडला होता.

समुद्राच्या वाऱ्यानं त्याची दशा झाली होती. तलासरीजवळ हायवेला एक गॅरेज आहे, तिथं नेला. मेकॅनिक वापीकडचा, बोलताना अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि तोंड कधी बंद नाही. त्यानं शाफ्टचं टोक हलवून बघितलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी सांधा असतो, त्याला गॅरेजात क्रॉस म्हणतात. तो सगळ्या बाजूंनी सहज वळायला हवा. हा जागचा हलेना. "जाम थई गयू, शेठ," तो म्हणाला. "हे गाडीचं सामान आहे की जहाजाचा नांगर?" त्यानं क्रॉस शिकंज्यात धरून ठोकून बाहेर काढला, तर आतल्या सुईएवढ्या रोलरांचा लाल भुगा झाला होता. मग तो गाडीखाली शिरला. मागच्या शाफ्टचे क्रॉसही ढिले झाले होते, गिअर बदलताना टक वाजायचं ते त्याचंच. पुढच्या हौसिंगमधलं तेल अडवणारं रबरी सील वाळून फाटलं होतं. तो खालूनच म्हणाला की सगळं एकदमच बदलू, आणि चारही टायर सारखे घ्या, पुढे घासून गोटा झालेले आणि मागे नवीन अशानं फोर व्हील टाकली तर गिअरची वाट लागेल.

सामान वापीहून यायचं होतं. ते लगेच मिळणार नाही असं त्यानं सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं. हे मी आज लिहितोय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. बायचा कान दिवसादिवसानं जात होता आणि तरीही क्रॉस आले नाहीत हे ऐकून मी घरी हलक्या पावलांनी गेलो. दुसऱ्या खेपेला क्रॉस आले पण मापात बसेनात, तेव्हाही तसंच. तिसऱ्या खेपेला त्यानं शाफ्ट चढवला, आम्ही चक्कर मारायला गेलो आणि गाडी थरथरायला लागली. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात, ते जोडताना त्याच्याकडून एक दाता चुकला होता. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हा रेल्वेवाल्यांचं बरं आहे. गाडी लेट झाली की तुम्हाला चहा प्यायला मिळतो," तो म्हणाला. "चूक माझी आहे, मी आत्ताच काढतो. तुम्ही बसा." त्यानं खरंच पुन्हा सगळं खोललं. संध्याकाळच्या आत गाडी तयार झाली. मागचा टक गेला होता. छोटा दांडा ओढला तर गॅरेजच्या आवारात घूं घुमलं, मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं ते. मी पटकन दांडा पुढे सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ओहोळात पाणी कमी होतं. दांडा ओढला, आवाज बदलला. मी मुद्दाम गाडी जास्त रेटली, गरजेपेक्षा जास्त. दगड खालून निसटत होते, गाडी धरून धरून वर जात होती. अंगणात आलो तर दारात कुणी नव्हतं.

बाय ओट्यावर वाटेकडे पाठ करून वाल निवडत बसली होती. मी गाडी बंद केली, दार आपटलं. तिचं निवडणं चालूच. मी मागे जाऊन उभा राहिलो. मग खांद्याला हात लावला. ती वळली आणि मला बघून तिचा चेहरा फुलला. पूर्ण फुलला. मधे काही नाही, पडणं नाही, सावरणं नाही. आवाजच पोहोचला नव्हता, त्यामुळे तिनं दुसऱ्या कुणाची वाट बघितलीच नव्हती. मला चार वर्षं हेच हवं होतं. आणि तो चेहरा बघताना वाटलं, पडू दे गं, एकदा तरी पडू दे.

मी तिच्या बऱ्या कानाजवळ बसलो. "शाफ्ट तुटला नव्हता," मी म्हणालो.

"हो हो. झाली ना एकदाची."

"तुटला नव्हता."

"काय?"

मग मला ओरडावं लागलं. आयुष्यात ज्यानं वरच्या आवाजात पाणीसुद्धा मागितलं नाही, तो मी तिच्या अंगणात ओरडून सांगत होतो की शाफ्ट मी काढून ठेवला होता, गाडी चालू होती, बाजाराला तीच घेऊन यायचो आणि पंपामागे लपवायचो. शेजारच्या सुनेनं सारवण थांबवलं. तिची सासू बाहेर येऊन उभी राहिली. "मला वर यायचं नव्हतं, बाय. मी उतरलो की तुझं तोंड पडायचं."

हे वाक्य दोनदा ओरडलो. पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं नाही.

ती हातातले वाल चाळवत राहिली. "पडत असेल," ती म्हणाली. "माझा नवरा होता तो. तेव्हा तुझ्यासाठी तोंड कुठून सांभाळू?" मग म्हणाली, "आणि त्यानंतर तू जेवायचास. मी समोर बसून बघायचे. तेवढा वेळ नाही दिसला तुला?"

नव्हता दिसला. मी खाली मान घालून जेवायचो.

ती उठून आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही, आणि आली नसती तरी ते बरोबरच होतं. बऱ्याच उशिरानं आली, ती चपला घालून. माझ्याशी न बोलता जीपमध्ये डावीकडे जाऊन बसली. "खाली ने आणि परत वर आण," म्हणाली.

मी ओहोळापर्यंत खाली गेलो, गाडी वळवली, दांडा ओढला. सबंध चढभर ती डोळे मिटून, बरा कान इंजिनाकडे करून बसली होती. घूं चांगलं मोठं होतं. डोंगरावर आपटून परत येत होतं, शेजारची माणसं ओट्यावर येऊन बघत होती. अंगणात आल्यावर तिनं डोळे उघडले.

"आवाज गेला रे गाडीचा."

इतकं सगळं खरं ओरडून झालं होतं. "नवीन सामान टाकलंय ना," मी म्हणालो. "नवीन सामान वाजत नाही."

तिनं डॅशबोर्डवरची धूळ पदरानं पुसली. "मग जुनं होऊ दे," ती म्हणाली. "महिन्याला आणत जा. या दगडांवर लवकर होईल."

मी बरं म्हटलं. तिनं हात कानाशी नेला, म्हणून परत म्हटलं.