चौथ्या मजल्यावरची पट्टी

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत जिन्यात दोन मिनिटं थांबलं की एखादा किस्सा पदरात पडतोच. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. त्यातले हे पट्ट्यांचे.

जिन्यात गांजाचा वास येतो अशी तक्रार झाली, तेव्हा सेक्रेटरी काकांनी त्या आणल्या. अंगठ्याएवढी पांढरी पट्टी. गांजाचा धूर लागला की जांभळी होते, दुसऱ्या कशाने नाही. नानांना हे पटेना. सोसायटीची जमीन पूर्वी त्यांचीच. त्यांनी सगळ्यांसमोर पट्टीखाली बिडी ओढली, मग घरून धुपाटणं मागवलं. खोकून खोकून आमचे डोळे लाल झाले, पट्टी पांढरीच.

"हिला बिडीबी कळत न्हाई," नाना म्हणाले. "लई भोळी हाय."

*

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी एक पट्टी मागून घेतली आणि मुलाच्या कॉलेजच्या बॅगेला आतून चिकटवली. आठ दिवसांनी पाहिली तर पांढरीशुभ्र. मावशींनी शिरा केला, आम्हालाही वाटी आली. शिरा कशाबद्दल, हे त्या मुलाला अजून माहीत नाही.

*

मग चौथ्या मजल्यावरची पट्टी जांभळी झाली.

तो मजला आमचा. तिथे दोनच घरं आहेत. एक आमचं भाड्याचं आणि समोरचं, वर्षभर कुलूपबंद. नियम असा ठरला होता की पट्टी रंगली तर त्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी घर सोडायचं. आमच्या घरात तरुण मुलगा एकच, चाकणला कंपनीत असलेला माझा दादा, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. बाबांनी त्याची हजेरी दाखवली. दोन दिवस ओव्हरटाइम, तो घरी आलाच नव्हता.

"मग धूर काय शिफ्ट संपवून एकटाच आला?" सेक्रेटरी काका म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने दादाचा शर्ट नाकाशी धरला. मी बघतेय हे कळल्यावर पटकन बादलीत टाकला.

*

काकांनी आमच्या मजल्यावर जिन्यात नवी पट्टी लावली. ती रंगताना मी पाहिली. शाळेतून येत होते, भर दुपार, जिना रिकामा, वास कसलाच नाही. रंग खालून वर चढत होता. थोडा चढायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा. कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा.

घरी काही बोलले नाही. दादा आत झोपला होता.

*

शेवटी बाबांनीच हट्ट धरला की समोरचं घरही तपासा. किल्ली सेक्रेटरी काकांकडे होती. आत धुळीचा थर, त्यावर पावलाची एकही खूण नाही. काकांनी भिंतीवर पट्टी लावली, दार ओढून त्यावर चिकटपट्टी मारली आणि वर सही केली.

दोन दिवसांनी सगळ्यांसमोर दार उघडलं. सही शाबूत. धुळीत काकांचीच पावलं, जातानाची आणि येतानाची. पट्टी पांढरी.

"आता अजून काय पुरावा पाहिजे?" काका बाबांना म्हणाले. "रविवारपर्यंत दुसरं घर बघा."

बाबांनी मान खाली घातली. आई चौकट धरून उभी होती. मला दोघांकडे बघवेना, म्हणून मी पट्टीकडे बघत राहिले. तिच्या कडेला केसाएवढी जांभळी रेघ दिसत होती.

"काका, ती काढून बघा ना."

माझा आवाज इतका बारीक निघाला की नानांना तेच परत सांगावं लागलं. "पोरगी म्हनती, काढून बघा."

काकांनी नखाने पट्टी सोलली. पुढून पांढरी. भिंतीला चिकटलेली बाजू गडद जांभळी.

नानांनी त्या जागी तळहात टेकवला आणि लगेच मागे घेतला.

"कोमट हाय."

सेक्रेटरी काकांनी पट्टी होती तिथेच, होती तशीच परत लावली आणि अंगठ्याने नीट दाबली. बाहेर येऊन कुलूप घातलं. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुम्ही राहा हो. या मजल्यावर कुणीतरी पाहिजे."