पाच म्हणजे मा

लेसिएलीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. तिला गजर लावावा लागत नसे. फुसीआत्या दारासमोर गाडी लावून हॉर्न वाजवायची. शहराच्या टोकाला असलेल्या मिंटोच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या हॉर्नला सरावली होती. ती आता भुंकायचीही नाहीत.

टोंगा बेटांवरच्या घराण्यातल्या, पण आता या परदेशी शहरात राहणाऱ्या या आत्या-भाची एकाच कारखान्यात कामाला होत्या. शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. तापलेल्या रुळांमधून इस्त्री होऊन चादर बाहेर पडली की दोघींनी दोन टोकं धरायची आणि घडी घालायची. एकीने जास्त ओढलं की शिवण वाकडी होते. सैल सोडलं की मध्ये सुरकुती राहते आणि चादर परत फिरते. दोघींनी सारखाच जोर लावायचा, सारख्याच वेळी. हे दहा मिनिटं कुणालाही जमतं. कामाची पाळी संपेपर्यंत जमणं वेगळं. नव्या मुली जेवणाच्या सुट्टीत बोटांवर फुंकर घालत बसायच्या. लेसिएलीही पहिले काही दिवस बसली, मग बोटांना चिकटपट्टी गुंडाळायला शिकली.

घड्या घालताना दोघी गायच्या. यंत्रांच्या घरघरीत काहीच ऐकू यायचं नाही, पण समोरच्या ओठांवरून स्वर कळायचा. गायच्या त्या आकडे. टोंगाच्या चर्चमध्ये गाणं आकड्यांतच लिहितात. तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे, पाच म्हणजे ग. एक आणि दोन कुठे गेले हे कुणी विचारत नाही. गाताना आकड्याचं आखूड नाव घ्यायचं: तीनला तो, चारला फो, पाचला मा, मग ओ, फी, वा, ही. आकडे पक्के झाल्याशिवाय गायनमंडळात कुणाला शब्द मिळत नसत.

मंडळाचे मास्तर पौलासी. वीटभट्टीवर जन्म गेला, हात अजून तसेच खरखरीत. एका हातात खडू, दुसऱ्या हातात वेताची छडी. छडी फळ्यावरच्या आकड्यांवरून फिरायची आणि चुकणाऱ्यावर येऊन थांबायची. मास्तरांचा नियम एकच होता. "जो आवाज वेगळा ऐकू आला, तो चुकला."

लेसिएली सहा वर्षांची असल्यापासून या नियमात वाढली. बाविसाव्या वर्षी तिचा आवाज त्या चाळीस आवाजांत असा मिसळायचा, की ती एखाद्या रविवारी आली नाही तर काहीतरी कमी आहे एवढं कळायचं. काय ते कळायचं नाही.

तिचा आवाज एकटा असा पहिल्यांदा ऐकला तो ड्र्यूने. एका लग्नात तो ध्वनियंत्रणा सांभाळायला आला होता. मंडळासाठी ठेवलेला एक माइक चुकून लेसिएलीच्या तोंडापाशी राहिला. मांडवात कुणाला काही वेगळं जाणवलं नाही. ड्र्यूच्या हेडफोनमध्ये मात्र ती एकटीच होती. तो जेवण सोडून तिला शोधत आला.

त्याचा शहरातल्या मॅरिकव्हिल भागात छोटा स्टुडिओ होता. दोघांनी मिळून एक गाणं केलं. मुलगी रात्रभर फोन करते, तो उचलत नाही, असं साधं पॉपचं गाणं. चाल गोड, ताल नाचरा. एका कंपनीने ऐकण्याची तयारी दाखवली. गाणं येत्या सोमवारी द्यायचं, नाहीतर त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार होती.

गडबड झाली ती ध्वनिमुद्रणात. कीबोर्डवर बसलेल्या ड्र्यूने ओळीच्या शेवटी ओरडून सांगितलं, "पाच!" लेसिएलीने पाच लावला.

ड्र्यू थांबला. "हे काय गायलीस?"

"पाच."

"हा पाच नाही."

"मग काय सहा आहे? फळ्यावर लिहून दाखवू का?"

ड्र्यू एकपासून मोजायचा, ही तीनपासून. त्याच्या पाचाला प येतो, हिच्या पाचाला ग. समजल्यावर दोघं पोट धरून हसले. मग ड्र्यूने ते पुन्हा वाजवून ऐकलं. त्याच्या पाचावर हिचा पाच बसला की चाल दारात अडखळल्यासारखी व्हायची आणि मग आत शिरायची. "राहू दे," तो म्हणाला. "चूक आहे, पण गाण्यात जीव तिथेच आहे."

खरी अडचण पुढे आली. शब्द गाताना लेसिएली सापडेना.

"तू कुठे आहेस?" ड्र्यूने काचेपलीकडून विचारलं.

"इथेच उभी आहे की."

"मला दिसतेयस. ऐकू येत नाहीयेस. पुढे ये."

ती पाऊलभर पुढे आली.

"पायाने नाही गं, आवाजाने!"

तिने जोर लावला तर आवाज फुटला. सोडला तर भिंतीला चिकटला. आजूबाजूचे आवाज नसले की आपण कुठे उभं राहायचं हे तिच्या गळ्याला कळतच नव्हतं. ड्र्यूने तिचेच चाळीस आवाज एकावर एक चढवून मागे सोडले. तिने ते ऐकले आणि हेडफोन काढून ठेवला.

"या सगळ्याजणी एकदमच श्वास घेतात," ती म्हणाली. "आमच्यात एक श्वास घेते तेव्हा शेजारची धरून ठेवते. इथे मला धरणारं कुणीच नाही."

"मग काय करायचं? आज गुरुवार आहे."

"मला मागे माणसं लागतात," लेसिएली म्हणाली.

त्याच संध्याकाळी सराव संपल्यावर ती मास्तरांपुढे उभी राहिली. शनिवारी मंडळाने स्टुडिओत येऊन तिच्यामागे गावं, एवढंच मागणं. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

"टीव्हीवर येणार का आपण?" मागच्या रांगेतला जाड्या सेफो ओरडला. "मग मी दात बसवून घेतो."

"आधी सूर बसव," त्याची बायको म्हणाली.

पौलासीमास्तर हसले नाहीत. "शब्द काय आहेत?"

लेसिएलीने शब्द सांगितले. ते चर्चच्या हॉलमध्ये म्हणताना स्टुडिओतल्यापेक्षा फारच वाईट वाटले.

"हा फोन कोणाला चाललाय?"

"कुणाला तरी."

"देवाला आहे असं म्हणता येईल का?" एका म्हातारीने मदत करायचा प्रयत्न केला.

"आणि देव फोन उचलत नाही?" सेफो म्हणाला. "पाळकसाहेब आपल्याला बाहेर काढतील."

हॉल हसला. मास्तरांनी छडी टेबलावर आपटली. "या फळ्यासमोर असल्या हाका कुणी मारलेल्या नाहीत. आणि मारणार नाहीत."

लेसिएलीने मान खाली घातली. सोमवार आता गेल्यातच जमा होता.

तेव्हा फुसीआत्या उठली. टोंगात बापाच्या बहिणीपुढे खुद्द बाप बोलत नाही, तिथे मास्तर कोण?

"पौलासी," ती म्हणाली, "लग्नाआधी तू आमच्या शेजारच्या कुंपणाशी उभा राहून गायचास. ते कितवं स्तोत्र होतं रे?"

मास्तरांची बायको पहिल्या रांगेतच होती. तिने तोंडावर पंखा धरला, पण खांदे हलत होते.

मास्तर फळ्याकडे वळले. मग खडू उचलला. "चाल म्हण," ते लेसिएलीला म्हणाले. "शब्द नको. आकडे."

ती आकडे म्हणत गेली, ते लिहीत गेले, खाली तीन आवाजांचे आकडे स्वतः मांडत गेले. ओळीच्या शेवटी आल्यावर खडू थांबला. "इथे पाच? नक्की?"

"चुकून आला, मास्तर. पण ड्र्यू राहू दे म्हणाला."

मास्तरांनी तो स्वतःशी गुणगुणून पाहिला. "चुकून आला तरी चांगल्या घरचा आहे," ते म्हणाले आणि मंडळाकडे वळले. "शब्द ती गाईल. आपण आकडेच गायचे. आकड्यांत कसलं पाप? उद्या सराव. ज्याचा आकडा कच्चा, तो बसमध्ये चढणार नाही. आणि बसभाड्याला चर्चच्या पेटीतून काही मिळणार नाही, हे आत्ताच सांगतो."

"भाडं मी देते," लेसिएली म्हणाली.

घरी जाताना आत्याने विचारलं, "कुठून देणार गं? चादरींचे पैसे तर तू गाडीसाठी ठेवलेयस."

"गाडीत माणसं किती बसतात, आत्या?"

"पाच."

"आपला पाच की ड्र्यूचा?"

आत्या एवढी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

शनिवारी मंडळ मॅरिकव्हिलला उतरलं ते चर्चच्या कपड्यांत, टोंगाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला विणलेल्या चटया बांधून. गायला जायचं म्हणजे असंच जायचं. ड्र्यूच्या खोलीत निम्मेच मावले. खर्जातल्या पुरुषांना त्याने बोळात उभं केलं, तरी ते जास्तच ऐकू यायला लागले. मग त्यांना जिन्यात पाठवलं. सेफो थेट रस्त्यावर गेला आणि म्हणाला की इथून बरोबर पोचतोय.

लेसिएली माइकपुढे उभी राहिली. मास्तर तिच्याजवळ आले. छडी काखेत होती.

"आज मिसळू नकोस," ते हळूच म्हणाले. "मिसळायला आम्ही आहोत."

त्यांनी छडी उचलली. पाठीमागून तीन आला, भिंतीसारखा. मग चार. लेसिएलीला पाठीला ऊब लागल्यासारखं वाटलं. ती गायली. आवाज फुटला नाही, चिकटला नाही, सरळ पुढे गेला. ओळीच्या शेवटी खोलीतून, बोळातून, जिन्यातून आणि रस्त्यावरून एकदम आलं, "मा!"

काचेपलीकडे ड्र्यू खुर्चीतून उठून उभा राहिला. गाणं संपताच बायकांनी "मालिए! मालिए!" म्हणून शाबासकीची आरोळी ठोकली.

"झालं!" ड्र्यू ओरडला. "हेच पाहिजे होतं."

"दुसऱ्या कडव्यात जिना खाली उतरला," पौलासीमास्तर म्हणाले. "पुन्हा."

"मास्तर, उत्तम झालंय."

"तुमच्यासाठी झालं असेल. पुन्हा."

आणखी तीन वेळा झालं. चौथ्यांदा मास्तरांनी मान डोलावली, तेव्हा सगळ्यांच्या चटया घामाने चिंब झाल्या होत्या. ड्र्यूने सोमवारी दिलं ते हे चौथं.

कंपनीने गाणं घेतलं. हिवाळ्यात ते रेडिओवर लागायला लागलं. कारखान्यातल्या मुली यंत्रं बंद असताना लेसिएलीला बघून "मा!" करून ओरडायच्या. पुढच्या गाण्यांची बोलणी सुरू झाली. तोवर चादरी होत्याच. पहाटेचा हॉर्नही होता. रविवारी ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली की अधूनमधून तिचा आवाज वर यायचा. छडी तिच्यावर येऊन थांबायची. ती हसून आवाज खाली घ्यायची.

लोक विचारायचे, एवढं गाणं गाजतंय आणि अजून आत्याच्याच गाडीतून? ज्यांनी विचारलं, ते त्या शनिवारी बसमध्ये नव्हते. बस, तिचा चालक, आणि सगळ्यांना पुरतील एवढ्या नारळाच्या दुधात शिजवलेल्या मांसाच्या अळूपुड्या, यात लेसिएलीचे चादरींचे पैसे संपले. परतताना बस मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा पुड्या उघडल्या होत्या आणि मागच्या बाकावर सेफोने सुरुवात केली. आकड्यांनी नाही, शब्दांनी. मिनिटभरात सगळी बस त्या न उचललेल्या फोनवर जीव तोडून गात होती. फुसीआत्या खिडकीवर ताल धरत होती. पौलासीमास्तर पहिल्या बाकावर बाहेर तोंड करून बसले होते, आपल्याला काही ऐकूच येत नाही असे. पाय मात्र ठेका धरून होता. ओळीच्या शेवटी त्यांचाही आवाज लागला, आणि तो वेगळा ऐकू आला.

लेसिएलीने भाडं दिलं होतं ते जाण्यायेण्याचं, आणि येण्याचं तिथेच वसूल झालं.