आबांचं घड्याळ पुढं पळतं

चावीची घड्याळं दुरुस्त करायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. मी लोणावळ्यात कॉलेजात गणित शिकवतो. हाताचं काम म्हणजे खडू धरणं, तेवढंच. एका सुट्टीत मोबाइलवर कुणालातरी मनगटी घड्याळ सुटं करून, धुऊन, पुन्हा जोडताना पाहिलं आणि वाटलं, आपल्याला का जमू नये?

भिंग, चिमटे, सुईसारखे स्क्रू-ड्रायव्हर आणि सरावासाठी भंगारातली बंद घड्याळं आणली. उघडण्याआधी भरलेली चावी उतरवून घ्यायची असते, हे मला पहिलं घड्याळ उघडल्यावर कळलं. आतली चाकं गर्रकन फिरली आणि एक उडून बायकोच्या पोह्यांत पडलं. तिने ते कढीपत्त्यासारखं ताटलीच्या कडेला काढून ठेवलं आणि खात राहिली. त्यानंतर जेवणाच्या टेबलावरून माझी बदली खिडकीपाशी झाली.

पुढे एक घड्याळ खरंच चालू झालं. ही बातमी बायकोने माहेरी सांगितली आणि रविवारी सासरे हजर झाले.

आबा बेडशाजवळ राहतात. शेती सांभाळून त्यांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी केली. तेव्हा घेतलेलं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, तरी बाहेर पडताना ते हातावर असायचंच. ते त्यांनी काढून माझ्यापुढे ठेवलं. मी अजून शिकतोय, बिघडलं तर काय, असं मी चाचरत म्हणालो.

"पाव्हणं, बंदच हाय ते," आबा म्हणाले. "आनखी किती बंद पाडनार तुमी?"

मी भिंग डोळ्याला लावलं.

गाय विणार असली की गोठ्यात बसावं, तसे ते पलंगावर बसून राहिले. जोडणी करताना चिमट्यातून एक स्क्रू निसटला. आबांनी चटकन दोन्ही पाय वर घेतले. मी फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून फरशीवर फिरवलं. बायकोच्या केसांच्या पिना सापडल्या, दिवाळीपासून हरवलेली सुई सापडली, शेवटी स्क्रूही सापडला. चुंबक घड्याळाशेजारीच टाकून मी पुन्हा कामाला लागलो.

संध्याकाळी आतलं चाक डोलायला लागलं. आबांना कमी ऐकू येतं. त्यांनी घड्याळ लेकीच्या कानाला लावलं. तिने मान हलवली, तेव्हा कुठे ते हसले. मला त्या दिवशी जेवणही सुचलं नाही.

आठवड्याभरात सासूबाईंचा फोन आला. "पाव्हणं, काय करून ठिवलंय तुमी? भात चुलीवर चढायच्या आदी ह्ये ताट मांडून बसत्यात."

चौकशी केली तेव्हा कळलं, आबा डेअरी उघडायच्या आधी दूध घेऊन दारात उभे राहतात आणि तळेगावला जायला कामशेत स्टेशनवर आधीच्याच लोकलला पोहोचतात. घड्याळ पुढे पळत होतं. खूप वाचल्यावर उलगडा झाला. चुंबकाजवळ राहून आतली केसाएवढी स्प्रिंग भारली गेली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटले आणि चाक घाईघाईने डोलू लागलं. घड्याळ परत आणून होकायंत्राजवळ धरलं, तर सुई लगेच वळली. चुंबकत्व घालवायची छोटी डबी मिळते. तिच्यावर धरून सावकाश दूर नेलं की झालं. घड्याळ ताळ्यावर आलं.

मी ते द्यायला बेडशाला गेलो. माझ्या चुकीचं सगळं शास्त्र अंगणात बसून समजावलं. आबांनी ऐकून घेतलं, पण चेहरा काही खुलला नाही.

"आता येळेवर चालतंय, म्हंजी माजी आदीची लोकल गेली," ते म्हणाले. त्या गाडीला त्यांना डेपोतला जुना सोबती भेटला होता. दोघंही तळेगावला जायचे, पण रिटायर झाल्यापासून वेगवेगळ्या लोकलने; त्यामुळे भेटच नव्हती. घड्याळ पुढे पळू लागल्यापासून तळेगावपर्यंत गप्पा व्हायच्या.

मी म्हणालो, "आबा, काटे थोडे पुढे करून ठेवा."

"तेवडं मला बी येतंय," म्हणत त्यांनी बारीकशी चावी ओढून काटे पुढे सरकवले.

आता सोबत्याचंही बंद घड्याळ माझ्या खिडकीपाशी येऊन पडलंय. तेही थोडं पुढेच चालावं, असा आबांचा निरोप आहे.